सहावी ओळ

हेमांगी तावरेने ज्या सोमवारी नात्यांच्या यादीतून अकरा नाती कापून टाकली, त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघर एक पायरी खाली गेलेलं होतं.

घर तळमजल्यावरचं. खाली जायला जागाच नव्हती. तरी उंबऱ्यापलीकडे पायरी होती, तिच्यावर बाकीच्या घरासारखीच शहाबादी फरशी होती, आणि पायरीखाली शेवंताआत्या आपल्या नेहमीच्या जागी शिलाई मशीन चालवत बसली होती. शेवंताआत्या म्हणजे हेमांगीच्या वडिलांची थोरली बहीण. हेमांगी सात महिन्यांची असताना तिची आई गेली, तेव्हा नवऱ्याने टाकलेली आत्या चार दिवस पोरीला सांभाळायला म्हणून आली आणि एकतीस वर्षं राहिली. मधल्या काळात वडीलही गेले. आता घरात दोघीच होत्या. हेमांगी नोकरी करायची आणि आत्या गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको करायची.

"ही पायरी कधी झाली?" हेमांगीने विचारलं.

"दुपारी," आत्या म्हणाली. "च्या टाक. आन् पडू नगंस."

हेमांगीने चहा टाकला. गॅसची शेगडी खाली आली होती, तिला वाकावं लागलं. स्वयंपाकघर दोन वीत अरुंदही झालं होतं, पण दोघींना पुरत होतं.

तिचं काम असं होतं. झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर सहा जणांची कंपनी होती, आणि नगरपालिकेला घरोघरची माणसं मोजायची होती. मोजायला शाळेतल्या बाई जाणार होत्या. त्यांच्या हातात कागद न देता फोन द्यायचा, फोनवर इंटरनेटचं पान उघडायचं आणि त्यातच माहिती भरायची, असं ठरलं होतं. तेव्हा फोनचा पडदा काडेपेटीएवढा असायचा. त्यावर सात ओळी मावायच्या. वरच्या ओळीत प्रश्न, खालच्या ओळीत 'निवडा' आणि 'मागे', म्हणजे उत्तराला उरल्या पाच. एक अक्षर उमटवायला एकच कळ तीन-तीन, चार-चार वेळा दाबावी लागे. हे सगळं त्या पाच ओळींत बसवून द्यायचं काम हेमांगीचं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं त्या ऑफिसात कुणी नव्हतं.

तिची पद्धतही तिची स्वतःची होती. एका पोस्टकार्डात तिने पडद्याच्या मापाची खिडकी कापली होती. फॉर्म ती आधी कागदाच्या लांब पट्टीवर लिहायची आणि ती पट्टी खिडकीमागून वर सरकवायची. जे खिडकीत दिसेल तेच फोनवर दिसणार. सोमवारी त्या पट्टीवर 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या प्रश्नाखाली सोळा नाती होती. कंपनीचे मालक खांबेटे सर खुर्ची ओढून बसले, पट्टी सरकवू लागले आणि पाचव्या ओळीला थांबले.

"खाली जावं लागलं की माणूस जात नाही," ते म्हणाले.

हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून तीनदा तरी ऐकवायचे. माणूस वाईट नव्हता. उन्हात उभ्या असलेल्या बाईंचा अंगठा त्यांना खरोखरच डोळ्यांपुढे दिसायचा.

"बहुतेक घरं पाच नात्यांत बसतात," ते म्हणाले. "आणि मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जड असतं. पान जड झालं की फोन ते उघडतच नाही. काप."

ऑफिसची कात्री बोथट होती. म्हणून हेमांगीने सकाळीच घरून आत्याची कात्री पर्समध्ये घालून आणली होती, न विचारता. आत्या त्या कात्रीला कागद लावू देत नसे; कागदाने धार जाते आणि मग कापड कुरतडलं जातं. हेमांगीने त्याच कात्रीने कापलं. भाऊ, बहीण, सून, जावई, नातवंड, सासू-सासरे, दीर-नणंद, पुतणी, भाची, मावशी. शेवटची चिठ्ठी 'आत्या' ही निघाली. तिला क्षणभर वाईट वाटलं. मग चहा आला. चिठ्ठ्या तिने सुपारीच्या रिकाम्या डबीत टाकल्या. खिडकीत जोडीदार, मुलगा, मुलगी, आई-वडील आणि इतर एवढं उरलं, आणि पट्टी एकदाही न सरकवता सगळं दिसत होतं. खांबेट्यांनी टेबलावर थाप मारली.

मंगळवारी 'इतर' गेलं.

"इतर म्हटलं की पुढे 'कोण ते लिहा' आलं," खांबेटे म्हणाले. "लिहा म्हटलं की अंगठा आला. काढ ते. आई आणि वडील वेगळे कर, पाच होतात."

"पण सर, ज्यांच्या घरी दुसरंच कुणी असेल?"

"ते जवळचं काहीतरी निवडतील. निवडतात माणसं."

हेमांगी त्या दिवशी चार वाजताच घरी निघाली. तिचा पाय ऑफिसात ठरत नव्हता. घरी उंबऱ्यापाशी पोचली तर एका पायरीच्या जागी जिना होता. तिने मोजल्या, चौदा पायऱ्या. मशीनचा आवाज खालून येत होता.

"आत्या!"

"हाय की हितंच. बोंबलतीस कशाला?"

हेमांगी पर्स सांभाळत खाली गेली. आत्या पिवळ्या बल्बखाली जांभळ्या साडीची कड दुमडत होती. भिंती दोन्हीकडून खांद्याला लागत होत्या.

"आत्या, वर चल. माझ्या खोलीत बस."

"चालून बघितलं," आत्या म्हणाली. "जितक्या चढते तितक्याच ऱ्हात्यात. हितं गार हाय. बरं वाटतंय उन्हाळ्याचं." मग तिने साडीवरून नजर न काढता विचारलं, "माझी कात्री कुठाय गं?"

हेमांगीने पर्समधून कात्री काढून दिली. आत्याने ती कापडाच्या चिंधीवर चालवून पाहिली. कात्री अडली. आत्याने नुसतं हेमांगीकडे बघितलं, आणि हेमांगीला सात वर्षांची असल्यासारखी लाज वाटली.

गल्लीत बऱ्याच घरांना तसेच जिने आले होते. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना हेमांगीला रस्त्याच्या पातळीखालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. साठे आजींच्या ओट्याखाली त्यांची सून भांडी घासत होती, पोतदारांचे मेहुणे कुठूनतरी खोकत होते. दूधवाल्याने हेमांगीच्या पातेल्यात रोजच्या एक लिटरऐवजी अर्धा लिटर घातलं.

"अर्धाच?"

"एकटीला किती लागतंय ताई?" तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

तेव्हा मात्र हेमांगीला शुक्रवार आठवला. शुक्रवारी चाचणी होती आणि चाचणीसाठी खांबेट्यांनी तिचीच गल्ली घेतली होती, कारण ती ऑफिसला जवळ होती. शुक्रवारी बाई दाराशी येणार, घरातली माणसं विचारणार आणि शेवटी 'पाठवा' दाबणार. 'पाठवा' दाबल्यावर बदल करता येत नाही, हा नियम हेमांगीनेच लिहिला होता. एका घरात परत परत जाणं बाईंना परवडत नाही म्हणून.

ती रस्त्यातूनच घरी परतली. चाचणीचा फोन तिच्याकडे होता. उंबऱ्यावर बसून तिने स्वतःच्या घराची नोंद भरायला घेतली. पान उघडायला वेळ लागला. कुटुंबप्रमुख हेमांगी. दुसरी व्यक्ती शेवंता. नाते? पाच ओळी आल्या. जोडीदार, मुलगा, मुलगी, आई, वडील. तिचा अंगठा खाली गेला. चौथ्या ओळीवर थांबला. ज्या बाईने न्हाऊमाखू घातलं, तिला आई म्हटलं तर कुणाचं काय जातं? तिने 'निवडा' दाबलं.

खाली मशीन थांबलं. पायऱ्यांवर पावलं वाजू लागली आणि हेमांगीला हायसं वाटलं. पण पावलं फार हलकी होती. त्यांच्याबरोबर बांगड्या वाजत होत्या, आणि आत्या बांगड्या घालत नसे.

जिन्याच्या तोंडाशी हिरव्या साडीतली सव्वीस वर्षांची बाई आली. भिंतीवरच्या आईच्या फोटोत होती तीच साडी, तोच अंबाडा, डाव्या भुवईवरचा तोच व्रण. ती हेमांगीपेक्षा पाच वर्षांनी लहान होती. तिने घराकडे बघितलं, खुंटीला टांगलेल्या साड्यांकडे बघितलं.

"एवढ्या साड्या कुणाच्या गं?" तिने विचारलं.

हेमांगीने तो आवाज जन्मात प्रथमच ऐकला. आवाज जरा घोगरा होता. असा असेल हे तिला कधी वाटलं नव्हतं. तिला उठून त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, इतकं वाटलं की तिचे हात पुढे झालेसुद्धा. आणि त्याच वेळी तिला ऐकू येत होतं की खाली आता कुणीच नाही. मशीन नाही, खाकरणं नाही, काही नाही.

"बाळ, तू रडतेस का?" ती बाई म्हणाली.

हेमांगीने डोळे मिटले आणि 'मागे' दाबलं.

त्या फोनवर 'मागे' दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. हे ती तीन महिने सगळ्यांना सांगत आली होती. तिने डोळे उघडले तेव्हा उंबऱ्यावर कुणी नव्हतं, आणि जिन्याच्या पायऱ्या बावीस झाल्या होत्या. खूप खालून मशीन पुन्हा सुरू झालं.

"कोन आलतं गं?" आत्याने ओरडून विचारलं.

"कुणी नाही."

"वहिनीच्या बांगड्या वाजल्यागत झालं."

हेमांगी तिथेच बसून ढसाढसा रडली, आणि मग तोंड धुऊन ऑफिसला गेली.

गुरुवारी तिने शेवटचा उपाय केला. खांबेटे नगरपालिकेत गेले होते. डबीतून 'आत्या' ही चिठ्ठी शोधून काढली आणि तेच नाव यादीत परत घातलं. पान उघडलं नाही. फोन नुसताच वाळूचं घड्याळ दाखवत राहिला. सहा ओळींचं वजन त्याला पेलत नव्हतं. काहीतरी काढणं भाग होतं. तिने 'मुलगा' काढलं. पान चटकन उघडलं आणि आत्या दुसऱ्या ओळीत बसली. हेमांगी धावतच घरी आली.

जिना नव्हता. स्वयंपाकघर पहिल्यासारखं सपाट होतं आणि आत्या ओट्यापाशी उभी राहून शेंगदाण्याचं कूट करत होती. हेमांगी तिला मागून बिलगली.

"अगं सोड, सांडल समदं," आत्या म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या गायकवाडकाकूंचा आवाज आला. काकू दारात उभ्या राहून कुणाला तरी जेवायला हाक मारत होत्या. नुसतं "अरे" म्हणायच्या आणि थांबायच्या. पुन्हा "अरे" म्हणायच्या. पुढे काय ते त्यांना आठवत नव्हतं. हातातल्या ताटात दोन भाकऱ्या वाढलेल्या होत्या. त्यांच्या दाराआडचा जिना इथून दिसत होता आणि त्याच्या तळाशी कुणीतरी क्रिकेटचा चेंडू भिंतीवर आपटत होतं. गल्लीभर दारं उघडत होती आणि प्रत्येक दारातून "अरे" ऐकू येत होतं.

आत्याने कूट झाकून ठेवलं. ती खिडकीशी गेली, बराच वेळ बघत राहिली.

"तू केलंस का ह्ये?"

"हो."

"मग होतं तसं कर. जा."

"आत्या, उद्या त्या बाई येणारायत. त्यांनी पाठवलं की मग..."

"जा म्हनते ना!"

हेमांगी गेली. 'मुलगा' परत घातलं, 'आत्या' काढलं. संध्याकाळी पायऱ्या मोजायचं तिने टाळलं. खोलीत स्टोव्हवर केलेलं आत्याचं जेवण तिने डब्यात घालून दोरीने खाली सोडलं, कारण भिंती आता अंगाला घासत होत्या. खालून आत्या म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे. तेवढ्याने हेमांगीला बरं वाटलं.

तिचा अंगठा एकसारखा हलत होता. अंथरुणात, आंघोळ करताना, केस विंचरताना तो हवेत वर-खाली, वर-खाली करत होता. सकाळी कंगवा हातात असतानाच तो एकदम थांबला. तिला पहिलं पान आठवलं होतं. कुटुंबप्रमुखाला नातं विचारत नाहीत. प्रमुखाचं प्रमुखाशी काय नातं असणार, असं म्हणून तिनेच तो प्रश्न गाळला होता. तेवढंच एक पान कमी झालं म्हणून खांबेट्यांनी तेव्हा पेढे आणले होते.

जमदाडे बाई दहा वाजता आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. खांद्याला पर्स, डोक्यावर पदर, अंगठ्याला चिकटपट्टी.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"शेवंता रामचंद्र भोईटे," हेमांगी म्हणाली.

"सावकाश सांगा हं. एकेक अक्षर काढायचं म्हणजे जीव जातो."

हेमांगीने सावकाश सांगितलं. बाई कळ दाबत राहिल्या आणि एकेक अक्षर पडद्यावर बसत गेलं. खाली मशीन थांबलं. या वेळी पावलं जड होती, डावा पाय जरा ओढत टाकलेला होता. गुडघा दुखतो म्हणून आत्या नेहमी तशीच चालते. जिन्याच्या तोंडाशी आधी तिचं पांढरं डोकं दिसलं, मग चष्मा, मग गळ्यात अडकवलेली मोजपट्टी. हेमांगीला हसू आवरेना. ती पुढे झाली, आत्याचा हात धरला आणि तिला उंबऱ्यावर ओढून घेतलं. त्याच ओढीत ती स्वतः आत गेली. पायाखाली उंबरा लागला नाही, पायरी लागली. मग दुसरी.

"बसा मावशी," वर जमदाडे बाई म्हणत होत्या. "तुम्हीच का शेवंताबाई? घरात आणखी कोण असतं?"

"हेमांगी. हेमांगी वसंत तावरे."

पुन्हा कळा वाजू लागल्या. हेमांगी जिन्यात उभी होती. दोन्ही भिंती तिच्या खांद्यांना टेकल्या होत्या आणि वर दाराचा उजेड चौकोनी दिसत होता. खोलवरून खाली भांडी, खोकला, कुणाचीतरी अंगाई असे आवाज येत होते. तिला भीती वाटत होती, पण वर आत्या खुर्चीवर बसली आहे हे कळत होतं, आणि तेवढ्यासाठी ती तिथे उभी राहायला तयार होती.

"तुमच्याशी नातं काय?"

"भाची."

"भाची नाहीये इथं," जमदाडे बाई म्हणाल्या. "मुलगी टाकते. सगळे तसंच सांगतात. चालेल ना?"

'मुलगी' निवडलं तर या जिन्यातून वर कोण जाईल हे हेमांगीला माहीत नव्हतं. आत्या नवऱ्याच्या घरी होती त्या तीन वर्षांत तिला मूल झालं होतं का, याबद्दल आत्या कधी बोललेली नव्हती.

"न्हाई," आत्या म्हणाली. "माझ्या भावाची लेक हाय ती. भाची. तसंच लिवा."

"अहो मावशी, पाचच आहेत. त्यातलं एक सांगा, मला अजून चाळीस घरं करायचीत."

"खाली आसल."

"खाली काही नाही."

"तुमी गेलासा का खाली?"

बाईंनी चिकटपट्टीचा अंगठा फोनवरून उचलला.

"आना हिकडं," आत्या म्हणाली. "कुठनं जायाचं खाली?"

"हा बाण. पण मावशी, खरंच काही नाहीये हो."

खुर्ची सरकली. मग कळेचा आवाज आला. सुईने घट्टे पडलेला आत्याचा अंगठा हेमांगीला त्या आवाजावरून ओळखू आला. दाराचा उजेड जिन्यात एक पायरी खाली उतरला. पुन्हा कळ वाजली. उजेड दुसऱ्या पायरीवर आला, मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. पुढची कळ वाजली आणि तो उडी मारून पुन्हा वर, पहिल्या पायरीवर गेला.

"बघा, परत पहिलंच आलं," जमदाडे बाई म्हणाल्या.

आत्याने पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. हेमांगी उभी होती ती सहावी पायरी. ती एक पायरी वर चढली. तीही सहावीच निघाली. तिने हात पुढे केला, बोटं पाचव्या पायरीच्या कडेला लागली, तिथली फरशी उजेडाने कोमट झाली होती. उजेड वर गेला. वर बाई उशीर झाल्याचं काहीतरी बोलल्या, आणि कळ वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच. हेमांगी सहाव्या पायरीवर हात वर करून उभी होती.